वहीतले ६.२ आणि पहाटेचा घाम

वाचकाचे पत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, ७९ वर्षांचे असून गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत. ते आणि ७४ वर्षांची आई असे दोघेच वाईला राहतात. मी नोकरीमुळे पुण्यात असतो. अप्पांना २२ वर्षांपासून मधुमेह आहे. पथ्य, फिरणे आणि गोळ्या यांत त्यांनी कधी कसूर केली नाही. रोज सकाळी घरच्या मशीनवर साखर तपासून ते आकडा वहीत लिहितात आणि तो शंभराच्या आत आला की खाली लाल रेघ मारतात. गेल्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ६.२ आला, तेव्हा त्यांनी मुद्दाम फोन करून मला सांगितले.

मात्र गेल्या दोन महिन्यांत दोनदा पहाटे पाचच्या सुमारास ते घामाने भिजलेले आणि असंबद्ध बोलत असलेले आढळले. पहिल्या वेळी आईने दोन पेले साखरेचे पाणी पाजले, तरी भानावर यायला पाऊण तास लागला. दुसऱ्या वेळी शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेले. तिथे साखर ४१ निघाली. सलाईन लावून तासाभरात घरी पाठवले. त्यांना सकाळी आणि रात्री जेवणाआधी एकेक गोळी आहे. तिच्यावर ग्लिमेपिराइड २, मेटफॉर्मिन ५०० आणि व्होग्लिबोज ०.२ असे लिहिलेले आहे. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, १.६ आहे. रात्री ते अर्धी भाकरी आणि दूध एवढेच घेतात. वजन वर्षभरात ६२ किलोंवरून ५६ वर आले आहे. धाकटा भाऊ म्हणतो, सगळ्या गोळ्या बंद करा. आत्या मेथी आणि जांभळाच्या बियांचे चूर्ण पाठवते. अप्पा म्हणतात, माझी साखर उत्तम आहे, गोळी कमी केली की वाढेल. आम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर

आपण पत्रासोबत दोन्ही घटनांच्या तारखा आणि आदल्या दिवशीच्या जेवणाचा तपशील जोडला, हे फार चांगले केले, कारण अर्धे उत्तर त्या तपशिलातच आहे. पहिली तारीख मी पंचांगात पाहिली. ती द्वादशीची पहाट होती. म्हणजे आदल्या दिवशी अप्पांची एकादशी होती, दुपारी साबुदाण्याची खिचडी झाली होती, रात्री फक्त कपभर दूध घेतले होते आणि गोळी मात्र नेहमीप्रमाणे दोन्ही वेळा घेतली होती. दुसऱ्या वेळी पोट बिघडले म्हणून रात्री थोडा ताक-भात खाल्ला होता आणि गोळी तेव्हाही चुकवली नव्हती. ज्या शिस्तीचा आपल्याला आणि त्यांना अभिमान आहे, त्या शिस्तीनेच या दोन रात्री त्यांना संकटात टाकले.

ग्लिमेपिराइड हे औषध स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडते. माणूस जेवला आहे की नाही, त्याच्या रक्तात साखर किती आहे, याचा विचार ते करत नाही. यकृतात त्याचे विघटन होते आणि उरलेले अंश तरुण माणसात मूत्रपिंडावाटे बऱ्यापैकी निघून जातात. परंतु क्रिएटिनिन १.६ असलेल्या ७९ वर्षांच्या पुरुषाच्या मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, ज्याला रिपोर्टवर ईजीएफआर म्हणतात, साधारण चाळिशीच्या थोडी वर भरते. ती साठच्या वर असावी अशी अपेक्षा असते. त्यामुळे या औषधाचा अंश शरीरात रेंगाळतो आणि रात्री पोटात काही नसताना, यकृतातला साखरेचा साठाही जेमतेम असताना, पहाटेपर्यंत साखर उतरवत राहतो. त्यात वजन सहा किलोंनी घटले आहे. ६२ किलोंच्या आणि पोटभर जेवणाऱ्या माणसाला ठरवून दिलेली मात्रा ५६ किलोंच्या, अर्धी भाकरी खाणाऱ्या माणसाला जड होणारच.

आता ६.२ विषयी. एचबीए१सी ही गेल्या साधारण तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी आहे आणि ६.२ म्हणजे सरासरी १३१ मिलिग्रॅमच्या आसपास. अप्पा गणिताचे शिक्षक आहेत म्हणून त्यांच्यासमोर एक उदाहरण मांडावे: पहाटेची साखर ६० आणि जेवणानंतरची २०० असेल, तर सरासरी किती? १३०. वर्गातील एका मुलाला वीस आणि दुसऱ्याला शंभर गुण मिळाले आणि सरासरी साठ आली, म्हणून वीसवाला पास झाला असे ते कधीच म्हणाले नसतील. सरासरी चांगली दिसते ती पुष्कळदा खालच्या आकड्यांमुळेच. त्यात भर म्हणजे वृद्धांमध्ये आढळणारा रक्तक्षय आणि मूत्रपिंडाचे आजार यांमुळे एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा कमी किंवा जास्तही दिसू शकते. म्हणून साखर उतरवणारी गोळी चालू असलेल्या ७९ वर्षांच्या माणसाचे ६.२ हे माझ्या दृष्टीने कौतुकाचे नव्हे, चौकशीचे कारण आहे.

यात अप्पांची काही चूक नाही, हे त्यांना आवर्जून सांगावे. त्यांना मधुमेह झाला तेव्हा आम्ही डॉक्टर मंडळी हेच शिकवत होतो; मीही उमेदीच्या काळात रुग्णांना ‘सातच्या आत आणा’ म्हणून दटावले आहे. पुढे चित्र बदलले. अमेरिका आणि कॅनडातील १०,२५१ मधुमेही रुग्णांवर ‘अ‍ॅकॉर्ड’ नावाची एक मोठी चाचणी झाली. त्यांचे सरासरी वय ६२ होते आणि त्यांना हृदयविकार होता किंवा तो होण्याचा धोका जास्त होता. एका गटाचे एचबीए१सी सहाच्या खाली आणण्याचा प्रयत्न केला गेला, दुसऱ्याचे सात ते ७.९ च्या दरम्यान ठेवले गेले. कडक नियंत्रणाच्या गटात मृत्यू अधिक होत असल्याचे दिसल्यावर फेब्रुवारी २००८ मध्ये त्या गटातील कडक उपचार थांबवावे लागले. हे नेमके कशामुळे झाले यावर आजही वाद आहे, पण वयस्कर आणि दीर्घकाळ मधुमेह असलेल्या माणसाची साखर जितकी कमी तितकी चांगली, ही समजूत तिथे मोडली. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या सूचनांनुसार प्रकृतीने धडधाकट असलेल्या वृद्धांचे उद्दिष्ट सात ते साडेसातच्या आत, तर अनेक आजार असलेल्यांचे आठच्या आत असे ठरवले जाते. अमेरिकेच्या वृद्धवैद्यक संघटनेने २०२३ मध्ये सुधारलेल्या यादीतही ग्लिमेपिराइड ज्या गटात येते त्या गटातील औषधे वृद्धांना पहिली किंवा दुसरी निवड म्हणून देण्याचे टाळावे, असे म्हटले आहे.

या वयात साखर खाली जाण्याला मी इतका का घाबरतो, तेही सांगतो. तरुणपणी साखर उतरली की हात थरथरतात, छाती धडधडते, कडकडून भूक लागते आणि माणूस स्वतःच उठून काहीतरी खातो. वयानुसार आणि आजार जुना होत जातो तशी ही धोक्याची घंटा मंदावते. रक्तदाबाच्या काही गोळ्या धडधड आणि थरथर आणखी झाकून टाकतात. मग पहिले लक्षण म्हणून एकदम गोंधळच दिसतो: माणूस बरळतो, तोल जातो, घरच्यांना अर्धांगाचा झटका वाटतो, किंवा ‘वयामुळे विसरायला लागले’ असे म्हणून सोडून दिले जाते. साखर एकदा खाली गेली की पुढच्या वेळी जाणीव आणखी उशिरा होते. अंधारात बाथरूमला जाताना पडून खुब्याचे हाड मोडले, तर त्याची किंमत २०० साखर आठवडाभर राहिल्यापेक्षा कितीतरी जास्त असते. वाढलेल्या साखरेने डोळे, मूत्रपिंड, नसा यांचे नुकसान व्हायला वर्षे लागतात. खाली गेलेली साखर एका पहाटेत घात करते.

तेव्हा कोणाचे ऐकावे? धाकट्या भावाचा रोख बरोबर आहे, उपाय नाही. सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या तर साखर भरमसाट वाढेल, लघवीवाटे पाणी जाईल आणि तहान कमी लागण्याच्या या वयात शरीर कोरडे पडेल, तोही जिवावरचा प्रसंग असतो. बदलायची आहे ती ग्लिमेपिराइड, आणि अडचण अशी की तिन्ही औषधे एकाच गोळीत बांधलेली आहेत, त्यामुळे एकाची मात्रा कमी करायची तर गोळीच बदलावी लागते. म्हणून अप्पांच्या डॉक्टरांना आजच फोन करावा, पुढच्या भेटीची वाट पाहू नये. दोन वेळा साखर पडली, एकदा ४१ सापडली, क्रिएटिनिन १.६ आहे आणि वजन सहा किलोंनी घटले आहे, ही वाक्ये याच क्रमाने सांगावीत आणि आज रात्रीची गोळी द्यायची की नाही, असा सरळ प्रश्न विचारावा. फोन लागेपर्यंत एवढा नियम तरी पक्का असू द्यावा की जेवण झाले नाही किंवा निम्मे झाले, तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात जाणार नाही.

पुढची निवड त्यांच्या डॉक्टरांची आहे. मी फक्त चर्चेला उपयोगी पडेल एवढे सांगतो. सिटाग्लिप्टिन किंवा लिनाग्लिप्टिन ही औषधे एकटी किंवा मेटफॉर्मिनसोबत दिली तर साखर सहसा एकदम खाली नेत नाहीत. पहिल्याची मात्रा मूत्रपिंडानुसार कमी करावी लागते, दुसऱ्याची लागत नाही. सिटाग्लिप्टिनचे पेटंट २०२२ मध्ये संपल्यापासून ते बरेच स्वस्तही झाले आहे. डापाग्लिफ्लोझिन गटातील औषधे हृदयाला आणि मूत्रपिंडाला आधार देतात, पण लघवी वाढते, जननेंद्रियाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि जुलाब-उलट्यांच्या दिवशी ती थांबवावी लागतात. आधीच वजन घटत असलेल्या माणसाला ती सुरू करताना मी दहा वेळा विचार करेन. मेटफॉर्मिन दिवसाला एकूण १००० मिलिग्रॅम म्हणजे सध्याच्या मूत्रपिंडाला चालण्यासारखे आहे, मात्र ईजीएफआर तीसच्या खाली गेला तर ते बंदच करावे लागते. ते वर्षानुवर्षे घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. ती तपासणी झाली नसेल तर करून घ्यावी. पायाची आग आणि मुंग्या बी-१२ कमी झाल्यानेही होतात, प्रत्येक वेळी साखरेमुळेच होतात असे नाही.

आता आपल्या आईंसाठी. पहिल्या वेळी दोन पेले साखरेचे पाणी पाजूनही पाऊण तास का लागला, याचे कारण बहुधा गोळीतले तिसरे औषध आहे. व्होग्लिबोज आतड्यात साखर आणि पिष्ट यांचे विघटन मंदावते. जेवणानंतरची साखर झपकन वाढू नये म्हणून ते दिले जाते. पण त्यामुळेच चहा-सरबतातली साधी साखर, गूळ, बिस्किटे अशा वेळी रेंगाळत पचतात. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे त्यांच्या घरात औषधाच्या दुकानात मिळणारी शुद्ध ग्लुकोजची पावडर असलीच पाहिजे, कारण तिचे विघटन व्हावे लागत नाही. एक डबा स्वयंपाकघरात आणि एक अप्पांच्या उशाशी ठेवावा. साखर ७० च्या खाली असेल तर अर्ध्या पेल्यात सपाट भरलेले तीन-चार चहाचे चमचे ग्लुकोज घालून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, वाढली नसेल तर पुन्हा द्यावे आणि वर आल्यावर पोळी किंवा दूध-भात असे काही पोटात जाऊ द्यावे. मशीन हाताशी नसेल तर तपासण्यात वेळ घालवू नये. शंका आली की आधी ग्लुकोज द्यावे.

आईंना एक गोष्ट हळुवारपणे सांगावी लागेल. माणूस गिळू शकत नसेल, डोळे फिरवत असेल, तर तोंडात काहीही ओतायचे नाही. ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा आणि ‘साखरेची गोळी चालू आहे, साखर पडली आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगायचे. दवाखान्यातही हेच सांगून दाखल करून घ्यायचा आग्रह धरावा. ग्लिमेपिराइडच्या गटातील गोळीमुळे पडलेली साखर ग्लुकोजच्या सलाईनने वर येते आणि काही तासांनी पुन्हा घसरू शकते, म्हणून निदान दिवसभर देखरेख हवी. तासाभरात घरी पाठवले तेव्हा अप्पांची साखर पुन्हा पडली नाही, हे आपले नशीब.

जेवणाबाबत माझे मत कदाचित आपल्या घरात कोणालाच आवडणार नाही. रात्रीची अर्धी भाकरी आणि दूध हे पथ्य नव्हे, उपासमार आहे. सहा किलो घटले त्यात मांस, म्हणजे स्नायू, किती गेले हे अप्पा खुर्चीवरून हात न टेकता उठू शकतात का, यावरून आपल्याला घरच्या घरी कळेल. एक-दीड भाकरी, घट्ट वरण किंवा मुगाची-मटकीची उसळ, भाजी, वाटीभर दही असे रात्रीचे ताट असावे. अंडे चालत असेल तर उत्तमच. मूत्रपिंडामुळे प्रथिने किती घ्यावीत, ते डॉक्टरांनी ठरवून द्यावे. भाताला घरातून हद्दपार करण्याची गरज नाही, वाटीभर भात वरणासोबत चालतो. नाचणीची भाकरी मधुमेहींना कितीही खाल्ली तरी चालते आणि गुळाने साखर वाढत नाही, हे दोन्ही गैरसमज मात्र सोडावेत. वजन एवढे का घटले, याचा स्वतंत्र शोध डॉक्टरांकडून घ्यावा. सगळे साखरेवर ढकलू नये.

एकादशी सोडा असे मी अप्पांना सांगणार नाही. आयुष्यभराचे व्रत एका पत्रातून सुटत नसते, आणि वृद्ध व आजारी माणसाला उपवासाची सक्ती नाही हे ते माझ्यापेक्षा चांगले जाणत असतील. दोन्ही वेळा खायचे, ही एकच अट घालावी. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, ती दुपारी साखर चढवते आणि रात्रीपर्यंत टिकत नाही. त्याऐवजी दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, रात्री राजगिऱ्याची भाकरी आणि दही घेतले तर व्रतही राहते आणि पोटही. एकादशीला कोणती गोळी घ्यायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद देवघराजवळ चिकटवावा, तिथे तो दिसेल.

आत्यांच्या चूर्णाविषयी थोडक्यात: भाजीत किंवा फोडणीत मेथी घालण्याला माझी हरकत नाही. पण लेबल नसलेल्या ‘साखर उतरवणाऱ्या’ पुड्यांमध्ये अ‍ॅलोपॅथीच्या गोळ्यांची भेसळ सापडल्याची प्रकरणे अनेक ठिकाणी नोंदली गेली आहेत, आणि आधीच पडणाऱ्या साखरेत ती भर आपल्याला परवडणार नाही. आत्यांचे प्रेम ठेवावे, पुडी बाजूला ठेवावी.

पाय रोज पाहावेत, तळवे आणि बोटांच्या बेचक्यांसह. अप्पांना वाकता येत नसेल तर आईंनी. पायाची संवेदना कमी झाली असेल तर दुपारी कृष्णेच्या घाटाच्या तापलेल्या दगडांवर अनवाणी चालून फोड येतो आणि तो दोन दिवस लक्षातही येत नाही. गरम पाण्यात पाय शेकणे, ब्लेडने कुरूप कापणे, हे दोन्ही बंद. डोळ्यांच्या पडद्याची आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी, हे त्यांच्या वहीत नक्कीच असेल.

वही बंद करू नये. अप्पांची ती सवय लाखमोलाची आहे, फक्त तिचे रकाने बदलावेत. सध्या सगळे आकडे सकाळचे आहेत. आता रात्रीच्या जेवणाआधी आणि झोपताना तपासावे, आणि औषध बदलल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत तीन-चारदा गजर लावून रात्री तीन वाजता तपासावे, म्हणजे साखर कधी घसरते ते दिसेल. सकाळी उपाशीपोटी ९० ते १५० आणि झोपताना १०० ते १८० हा त्यांच्यासारख्या माणसासाठी योग्य पट्टा आहे. लाल रेघ मारायचीच असेल तर ती ९० च्या खालच्या आकड्याला मारावी. आकड्याशेजारी किती वाजता जेवलो, काय जेवलो, गोळी घेतली का, हे तीन रकाने आखावेत. गोळी बदलल्यावर आकडे वीस-तीसने चढलेले दिसतील. तेव्हा अप्पा अस्वस्थ होऊन जुनी गोळी पुन्हा सुरू करू पाहतील, म्हणून जुनी पाकिटे घरात ठेवूच नयेत.

डॉक्टरांकडे जाताना ही वही, चालू असलेली सर्व पाकिटे, आत्यांच्या चूर्णाची पुडी आणि क्रिएटिनिनचे जुने रिपोर्ट सोबत न्यावेत. शक्य असल्यास आपण त्या दिवशी पुण्याहून यावे. आपल्याला येणे जमले नाही तरी आईंना मात्र नक्की सोबत पाठवावे, कारण पहाटे पाचला काय घडले ते त्यांनीच पाहिले आहे. अप्पांना त्यातले काहीही आठवत नसणार.